मुक्या जनावराचे दात



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय शोभतात. मी मात्र आज कुत्र्यामांजरांच्या दातांचा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. विषयाचे नाव ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला येथून दिसते. खुशाल हसावे, परंतु घटकाभर ऐकूनही घ्यावे, एवढीच विनंती.

जनावराचे दात पाहणे ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपलीच. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे घोडा असो की बैल, गिऱ्हाईक आधी त्याचा जबडा उघडतो. दुधाचे दात न पडलेला गोऱ्हा ‘आदत’. अदमासे दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात आले की दोनदाती, पुढे चारदाती, सहादाती, आणि खालचे आठही दात आले म्हणजे बैल ‘जुळला’. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. म्हणजे दातांचे ज्ञान आपल्याकडे आहे. पण ते आहे किंमत ठरविण्यापुरते. सौदा झाला की तोंड मिटते. त्या तोंडात दुखते काय, हे पाहण्याची चाल आपल्यात पडली नाही.

हा दोष मी दुसऱ्यांच्या पदरी टाकीत नाही. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. त्याने भाकरी टाकली, दुधात कुस्करून दिली तरच खाऊ लागला. तोंडाला दुर्गंधी येई. आम्ही म्हणालो, “म्हातारा झाला, चालायचेच.” पुढे गालावर डोळ्याखाली गाठ येऊन ती फुटली, तेव्हा पशुवैद्याकडे नेला. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, आणि काही दिवसांनी तोच मोती कोरडी भाकरी कुरतडू लागला. म्हातारपण नव्हते ते, दुखणे होते. आम्ही त्याला वय म्हणून मोकळे झालो होतो!

कुत्र्याला दुधाचे 28 आणि पक्के 42 दात असतात. मांजराला 26 आणि 30. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळीच निघाला नाही तर लाळेतील क्षारांनी घट्ट होतो, आणि त्याचे पिवळे-तपकिरी कीटण बनते. कीटण हिरडीखाली शिरले की हिरडी सुजते, दात आणि हिरडी यांमध्ये पोकळी पडते, दाताला धरणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. लहान जातीच्या कुत्र्यांचे दात आखूड जबड्यात दाटीने बसलेले असतात, म्हणून त्यांना हा रोग लवकर गाठतो. आणि जनावर ओरडत नाही. ते एका बाजूने चावते, घास खाली पाडते, पंजाने तोंड चोळते, लाळ गाळते. बहुधा तेवढीच त्याची तक्रार.

यावर उपचार कसा होतो, हे सांगतो. दवाखान्यात प्रथम सर्व तपासणी, बहुधा रक्ताचीही. मग संपूर्ण भूल. घशात नळी बसवितात, म्हणजे पाणी आणि घाण फुफ्फुसात जात नाही. खुणांच्या बारीक सळईने एकेका दाताभोवतीची पोकळी मोजतात. सोय असेल तेथे क्ष-किरणांनी मुळे पाहतात, कारण निम्मा दात हिरडीआड असतो. कंप पावणाऱ्या यंत्राने हिरडीच्या वरचे आणि खालचे कीटण काढतात, दात घासून गुळगुळीत करतात, आणि जो वाचत नाही तो काढतात.

‘भूल न देता दात स्वच्छ करून देतो’ असे कोणी म्हणाले तर भुलू नये. दर्शनी भाग चकाकतो. हिरडीखालचा रोग जागच्या जागी राहतो. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेनेही ही पद्धत त्याज्य मानली आहे.

आता कोणी विचारील, “इथे माणसांच्या दातांचे हाल, आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. पण माणूस निदान कण्हतो, गाल धरून दवाखान्याची पायरी चढतो. ज्या प्राण्याला आपण दाराशी बांधले, त्याला ती पायरी आपणच चढवायची असते. आणि बराचसा खर्च टाळणे आपल्याच हाती आहे. पिल्लूपणापासून रोज मऊ ब्रशाने दात घासावेत. माणसांची पेस्ट वापरू नये. तिच्यात कधी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषासारखा बाधतो. टणक हाडे देऊ नयेत. त्यांनी दाढ तडकते. घोड्याची गोष्ट निराळी. त्याच्या दाढा बहुतेक जन्मभर वर सरकत राहतात, कडा धारदार होऊन गाल कापतात. त्या पशुवैद्याने कानशीने घासाव्या लागतात.

परभणीकरांना यासाठी दूर पाहायला नको. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 साली निघाले, आणि 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठात ते आता मोडते. बैलाच्या खुराला लागले की आपण जनावरांच्या दवाखान्याची वाट धरतो; तीच वाट तोंडाच्या दुखण्यासाठीही आहे, एवढे ध्यानात असावे.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर आपल्या जनावराचा ओठ हळूच वर करून पाहा. हिरडी लाल आहे काय, दाढेवर कीटण आहे काय, वास येतो काय. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते तोंड मोल विचारण्यासाठी उघडले. एकदा दुखणे विचारण्यासाठी उघडू या.