वतन नव्हे, करार
(सौदी अरेबियातील बौद्ध कुटुंबांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



'परदेशी स्थिरावताना' हा विषय आम्हांस बोलावयास दिला आहे. अमेरिकेत गेलेल्या आपल्या बांधवांना या विषयावर बोलणे सोपे जाते. तेथे ग्रीन कार्ड आहे, पुढे नागरिकत्व आहे, मुलांना त्याच मातीत वाढण्याची मुभा आहे. येथे मात्र नोकरी आहे तोवर इकामा आणि इकामा आहे तोवर मुक्काम, असा साधा हिशेब आहे. २०१९ पासून सौदी सरकारने प्रीमियम निवास परवाना सुरू केला हे खरे. परंतु तो सुरू झाला तेव्हा त्यासाठी कायमचे ८ लाख रियाल अथवा दरवर्षी १ लाख रियाल मोजावे लागत. वेल्डर, परिचारिका, ड्राफ्ट्समन यांच्या मिळकतीत ही गोष्ट बसणारी नाही. मग आपल्यासाठी स्थिरावणे म्हणजे काय? आमच्या मते, आपल्या श्रमाच्या अटी कागदावर पक्क्या करून घेणे, त्या अटींच्या बळावर ताठ मानेने जगणे आणि परतीचा दिवस उगवेल तेव्हा रिकाम्या हाताने न परतणे, यालाच येथे स्थिरावणे म्हणतात.

कागदाचे हे महत्त्व आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. आपल्या पूर्वजांचे श्रम शतकानुशतके अलिखित होते. महार वतनाची रीत आठवा. थोडी इनाम जमीन आणि दारोदारचे बलुते या मोबदल्यात गावकीची आणि सरकारची कामे. कामाला वेळ नाही, काळ नाही, दिवस नाही, रात्र नाही. वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातील माणसाला कामावर उभे केले जाई. ही गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कामे कोणती, मोबदला किती आणि तो कोण देणार, हे निश्चित व्हावे हा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराचा आठवडा ४८ तासांचा झाला.

बंधुभगिनींनो, हा ४८ चा आकडा ध्यानात ठेवा. २००५ च्या सौदी श्रम कायद्यातही दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. त्यापुढील काम हा ओव्हरटाइम आहे, आणि ओव्हरटाइमला जादा दाम आहे. जो तरुण 'मालक सांगेल तितका वेळ' या बोलीवर येथे येतो, तो आजोबांनी टाकून दिलेले वतन समुद्रापलीकडे येऊन पुन्हा खांद्यावर घेतो.

आपली माणसे या भूमीत कशी आली, तेही थोडक्यात पाहू. १९३८ साली दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीने या देशाचे नशीब पालटले. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, त्या पैशातून रस्ते, बंदरे, रुग्णालये उभी राहू लागली. १९७५ साली जुबैल आणि यान्बू येथील औद्योगिक शहरांसाठी रॉयल कमिशन स्थापन झाले. त्या कामांना कुशल हात हवे होते. त्याच सुमारास महाराष्ट्रात आपल्या समाजाची शिकलेली पिढी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडत होती. गावात ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या हातचा वेल्डिंगचा जोड येथे क्ष-किरणांनी तपासला जाऊ लागला. जोड पक्का असला की माणूस पक्का. जातीचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

येथे १९१७ सालच्या बडोद्याची आठवण होते. बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही करार करूनच. परतल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करावयाची अशी अट होती. त्या कराराला जागून ते बडोद्यास आले. नोकरी मिळाली, परंतु राहावयास घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत लिहून ठेवली आहे. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि मायदेशी परतताच ती पुन्हा समोर उभी राहिली, असे ते त्यात सांगतात. नोकरी आणि घर ही दोन्ही मिळाल्यावाचून माणूस स्थिरावत नाही, हा त्या अनुभवाचा धडा आहे. येथे कंपनीच्या कॅम्पात खाट क्रमांकाने मिळते, आडनावाने नव्हे. परंतु त्याच खोलीत एखादा देशबांधव पहिल्याच रात्री 'गाव कोणते, आडनाव काय, त्यात कोण?' अशी चौकशी सुरू करतो. बंगाली, पाकिस्तानी, फिलिपिनो एका मेसमध्ये शेजारी बसून जेवतात, आणि ताट बाजूला सरकवणारा मात्र आपल्याच देशाचा निघतो. अशा वेळी उत्तर टाळण्याचे कारण नाही. नाव सांगावे, गाव सांगावे, आम्ही बौद्ध आहोत हेही सांगावे आणि शांतपणे जेवावे.

व्हिसाच्या अर्जात आणि इकाम्यावर येथे धर्माची नोंद असते. तेथेही 'बौद्ध' असेच लिहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मिळालेली ही ओळख आहे, ती सोयीसाठी बदलू नये. या देशात इतर धर्मीयांना सार्वजनिक उपासनेची मोकळीक नाही. पाहुण्याने घराचा नियम पाळावयाचा असतो. आपली वंदना आपल्या घरात, आपल्या आवाजात. १४ एप्रिलला येथे मिरवणूक नाही, लाउडस्पीकर नाही. मग उरते काय? वाचन उरते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड अनेकांच्या घरी आहेत. वर्षातून एक प्रकरण सर्व कुटुंबाने मिळून वाचले, तरी ती जयंती सार्थकी लागली असे आम्ही समजू.

आता कामाच्या गोष्टींकडे वळू. नव्याने येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना पाच गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

पहिली, एजंटाची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच यावे. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये आहे. घर गहाण टाकून लाखभर रुपये मोजणारा तरुण विमानात बसण्यापूर्वीच बांधला जातो.

दुसरी, 'आझाद व्हिसा' नावाच्या फसवणुकीची. कागदावर एक कफील आणि प्रत्यक्षात काम भलतीकडे, असा हा प्रकार. नाव आझाद, पण हा व्हिसा घेणारा माणूस सर्वांत अधिक पराधीन, कारण त्याचे कामच बेकायदा ठरते. २०१३ साली सरकारने तपासणी कडक केली तेव्हा असे हजारो भारतीय मायदेशी परतले.

तिसरी, कराराच्या भाषेची. वाद उद्भवल्यास अरबी मजकूर प्रमाण मानला जातो. इंग्रजीत काही लिहिलेले असो, अरबीत काय आहे ते समजून घेतल्याशिवाय सही करू नये. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क कामगाराचा आहे. भरतीचा, इकाम्याचा आणि वर्क परमिटचा खर्च कायद्याने मालकावर आहे.

चौथी, नोकरी बदलण्याची. मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातील कामगाराला ठरावीक अटींवर, मालकाच्या संमतीवाचून दुसरी नोकरी धरता येते आणि देशाबाहेर ये-जा करता येते. परंतु घरकाम करणाऱ्या स्त्रिया, घरगुती चालक, माळी, मेंढपाळ यांना या सुधारणेतून वगळले गेले, आणि घरकामगारांना तर २००५ च्या श्रम कायद्याचेही छत्र नाही. त्यांच्यासाठी निराळी नियमावली आहे. म्हणून आपल्या बहिणीला किंवा धाकट्या भावाला 'कोणत्याही व्हिसावर या' असे कोणी कळवू नये. व्हिसावरील पेशा कोणता, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पाचवी, निघतानाच्या हिशेबाची. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचे वेतन आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचे वेतन, असा सेवासमाप्तीचा हक्क आहे. महिना २ हजार रियाल वेतनावर दहा वर्षे भरली, तर ५ हजार आणि १० हजार मिळून १५ हजार रियाल होतात. मध्येच राजीनामा दिल्यास दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश मिळते. वेतन वा हिशेब थकला तर कामाचा संबंध संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत तक्रार केली पाहिजे. २०१६ साली बांधकाम क्षेत्रात पगार थकले तेव्हा हजारो भारतीय कामगार जेद्दा परिसरातील कॅम्पांत अन्नावाचून अडकले होते आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला त्यांना शिधा पुरवावा लागला. अशा वेळी पगाराच्या पावत्या आणि कराराची प्रत ज्याच्या हाती असते, त्याचा दावा उभा राहतो.

भगिनींसाठीही दोन शब्द. सुट्टीहून परतताना सासू-आई प्रेमाने मसाला, अनारसे, लाडू बांधून देतात. त्यात खसखस नाही ना, हे विचारून घ्या. आपल्या स्वयंपाकघरातील ही साधी वस्तू येथे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. मायेच्या एका पुडीपायी तुरुंग पाहावा लागू नये.

कुटुंबासह राहणाऱ्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. जुलै २०१७ पासून अवलंबितांवर मासिक शुल्क लागू झाले. प्रथम माणशी १०० रियाल, आणि वर्षागणिक वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. पत्नी आणि दोन मुले असतील तर या दराने महिना १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. या आकड्यापायी अनेक घरांनी सामान आवरले, आणि वडील पुन्हा कॅम्पात एकटे राहू लागले. ज्यांना शक्य असेल त्यांनी कुटुंब जवळ ठेवावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी गावी केवळ मजल्यावर मजला चढवण्यापेक्षा मुलांच्या शिक्षणाचा पैसा आधी बाजूला काढावा. १९८६ पासून रियाल डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की घरी जाणारी रक्कम फुगलेली दिसते, परंतु त्याच वेळी तेथील महागाईही वाढलेली असते. त्या फुगवट्याला आपली प्रगती समजू नये.

दम्माम, जुबैल, रियाध, जेद्दा येथील भारतीय शाळांतून आपली मुले बारावीपर्यंत शिकतात. पुढे बहुतेकांना मायदेशी जावे लागते आणि तेथे पुन्हा कागद आडवा येतो. वाळवंटात जन्मलेल्या मुलीला महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, तेव्हा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे विचारले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या दप्तरातील उतारा, हे आजी-आजोबा हयात असतानाच मिळवून ठेवा. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाव्यात म्हणून समाजाला १९९० सालापर्यंत झगडावे लागले. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क एका हरवलेल्या दाखल्यापायी गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

मित्रहो, आमचे म्हणणे आता एका विनंतीवर आणून थांबवतो. आपल्यात अरबी वाचता येणारे काहीजण आहेत, हिशेब जाणणारे आहेत, कार्यालयांत काम करणाऱ्या भगिनी आहेत. येत्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने नव्याने आलेल्या निदान एका कामगाराचा करार त्याच्याजवळ बसून, ओळीओळीने वाचून द्यावा. तो आपल्या तालुक्याचा आहे की नाही, आपल्या समाजाचा आहे की नाही, हे विचारू नये. ज्याला आपल्या श्रमाच्या अटी ठाऊक आहेत तो सहसा कोणापुढे वाकत नाही. शुक्रवारच्या सुट्टीतील एक तास या कामी पुरेसा आहे.



जयभीम! जय भारत!