अस्थींची साक्ष
(पोहरादेवी येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च मांडतो. तो या अहवालात छापलेला आहेच. आज जरा वेगळ्या नोंदींविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु जुन्या वह्या वाचण्यात आमचे आयुष्य गेले, आणि माणसाचे हाड हीही एक वहीच आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत घरांच्या जमिनीखाली बालकांची दफने सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळाच्या अस्थी. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे डॉ. जॉन लुकाक्स यांनी या बालकांच्या दातांचा अभ्यास केला. काहींच्या दुधाच्या सुळ्यांवर बारीक खळगे होते. दात घडत असताना बाळाचे पोषण किंवा प्रकृती ढासळली की दाताचे आवरण तेवढ्या जागी नीट बनत नाही आणि ती खूण तशीच राहते. आपल्या बालरुग्ण कक्षातील वजनाचे तक्ते चाळताना आम्हांस ते खळगे हटकून आठवतात.

दुसरे उदाहरण राजस्थानातील, पण शोधात वाटा याच डेक्कन कॉलेजचा. उदयपूर जिल्ह्यातील बालाथल येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. नाकाच्या भोवतालचे हाड झिजलेले, वरच्या जबड्यातील दात गळालेले. ही कुष्ठरोगाची लक्षणे होत, असा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला; तोवर ज्ञात असलेला त्या रोगाचा हा सर्वांत जुना अस्थिपुरावा होता. गावाने त्यास दगडी बांधाच्या आत शेणाच्या राखेत पुरले होते. मानाने की भयाने, हे हाड सांगत नाही.

हाड आणखीही पुष्कळ सांगत नाही. साप चावून किंवा तापाने चार दिवसांत गेलेल्या माणसाची हाडे स्वच्छ असतात. रोगाने हाडापर्यंत पोहोचावयास वर्षे लागतात. म्हणजे बालाथलच्या त्या माणसाने दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले, आणि त्या काळात त्यास अन्नपाणी मिळत राहिले.

त्याच्यापाशी औषध नव्हते. आपल्या देशात बहुविध औषधोपचार १९८३ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतो. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. आपला विदर्भ तर या कार्याची भूमी. मनोहर दिवाण यांचे दत्तपूर १९३६ चे, बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची. २००५ अखेर देशातील प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आल्याचे जाहीर झाले. त्यानंतर आपणा सर्वांचेच लक्ष थोडे ढळले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सांगण्यास कारण आहे. जवळच्या तांड्यावरील एक ताई हाताची बोटे चुलीवर भाजून आल्या. भाजल्याचे त्यांना कळलेच नव्हते. क्ष-किरण चित्रात बोटांची हाडे टोकाशी झिजलेली दिसली. आम्ही जुनी बाह्यरुग्ण नोंदवही काढली. चार वर्षांपूर्वी त्या आपल्याच रुग्णालयात आल्या होत्या. नोंद अशी: ‘दंडावर फिकट डाग, मलम दिले.’ डागावर संवेदना आहे की नाही, हे कोणी पाहिल्याची नोंद नाही. कापसाचा एक बोळा पुरला असता.

ही चूक आपली आहे आणि देणगीदारांपासून ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. आता त्वचेचा फिकट वा लालसर डाग घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची संवेदना तपासून तशी नोंद होते, आणि महिन्याच्या शेवटी ती वही आम्ही स्वतः पाहतो. रामनवमीच्या यात्रेतही तपासणीचे एक टेबल मांडले जाते. घरातील कोणाच्या अंगावर बधिर डाग असेल तर त्यांना संकोच न करता तेथे आणावे.

ताईंचा रोग बरा झाला. झिजलेली हाडे भरून येणार नाहीत. त्यांचे तळपायही बधिर असल्याने मऊ रबराच्या खास चपला लागतात. खर्चाच्या बाजूस ‘पादत्राणे’ अशी जी लहानशी रक्कम दिसते, ती त्यांची आहे.