अण्णा आणि बाया

(वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात एखाद्या घरी नव्वदी ओलांडलेले बुजुर्ग असले, की लग्नकार्यात पहिला मान त्यांचा असतो. त्यांची वर्षे सगळे मोजतात. त्या वर्षांत घर कोणी सांभाळले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज मी अशाच एका दीर्घायुषी गृहस्थाविषयी बोलणार आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी, निधन पावले. त्यांच्या संस्थांची नावे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असतील. मला सांगायचे आहे ते त्यांच्या संसाराविषयी.

त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. घरी मुलगा होता, रघुनाथ. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे कर्व्यांनी ठरविले. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती व पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी हे लग्न झाले. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. कोकणातील मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. जन्मदात्या आईलाही मुलाशी उघड संबंध ठेवता येईना. ज्यांनी बिरादरीचा रोष पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण खरी कसोटी घरातच होती. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे तास संपवून अण्णा चिखल तुडवीत पायी तिकडे जात. आश्रमात मुली पाठविल्या की त्यांचे पुनर्विवाह लावतात, अशी भीती आईबापांना वाटू नये, म्हणून पुनर्विवाहित बायांनाच सुरुवातीला आश्रमापासून दूर ठेवण्यात आले. बायांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले तेथे काम करू शकत होती, बाया नाही! पतीच्या कार्याचे मूळ आपल्या लग्नात आहे आणि आपल्यालाच तेथे जागा नाही, हे बायांना फार लागले. त्यातच अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. मुले लहान होती. बाया संतापल्या, आणि मला तर त्यांचा संताप रास्त वाटतो. संस्थेसाठी झोळी घेऊन फिरणाऱ्याच्या घरी पीठ किती आहे, हे घरातल्या बाईलाच ठाऊक असते. आपल्या येथील संस्थाचालकांनीही हे ऐकावे.

मग अण्णांना कुटुंबवत्सल म्हणावे की नाही? मला वाटते, म्हणावे. पण त्याचे अर्धे श्रेय बायांना देऊन. भांडणे झाली, अबोलाही झाला असेल, पण घर मोडले नाही. शंकर, दिनकर व भास्कर हे तीन मुलगे शिकले, रघुनाथही शिकला. ज्या रघुनाथने १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून मोठा गहजब ओढवून घेतला, तोच हा. पुढे महिला विद्यापीठासाठी, जे १९१६ साली निघाले, स्वतः बायांनीही वर्गणी गोळा केली. ज्या कामाने घरातला पैसा नेला, त्याच कामासाठी त्यांनी दारोदार हात पसरला. याला केवळ पतिभक्ती म्हणणे मला पटत नाही. शिकलेल्या विधवेला काय मिळते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

बाया १९५० साली गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार झाला. पद्मविभूषण १९५५ साली आला, भारतरत्न १९५८ साली. दोन्ही पाहायला त्या नव्हत्या. १९५३ साली रघुनाथही गेला. बायांनंतर अण्णा बारा वर्षे जगले.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की अण्णांचे 'आत्मवृत्त' ग्रंथालयातून न्यावे आणि त्याबरोबर बायांचे 'माझे पुराण'ही न्यावे. मुलींनी बायांचे आधी वाचले तरी चालेल. घरी आईला वाचून दाखवा. काही पाने ऐकून ती हसेल, काहींवर गप्प होईल.