काजबटण कोणत्या खात्यात?



आज सकाळी मी या अर्थशास्त्र परिषदेसाठी बदलापूरहून अंबरनाथला आलो. वाटेत इस्त्रीवाल्याकडून सदरा घेतला, शेअर रिक्षात बसलो, लोकलच्या दारात उभा राहिलो, इथे उतरून कटिंग घेतला आणि परत जाताना न्यायच्या पोळ्या पोळीभाजी केंद्रात सांगून ठेवल्या. तासाभरात पाच सेवा झाल्या. देशाच्या मासिक हिशेबात यातल्या किती जातील? लोकलचा प्रवास जाईल. तोही अंदाजानेच, कारण माझ्याकडे पास आहे, आणि पासधारक महिन्याला ठरावीक फेऱ्या करतो असे धरूनच रेल्वे त्याला मोजते. दारात लटकून केलेला प्रवास आणि खिडकीपाशी बसून केलेला प्रवास, किलोमीटर तेवढेच भरतात. बाकीच्या चार सेवांचे काय, हाच आजचा माझा विषय आहे.

कारखान्यांचे बरे असते. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक दर महिन्याला येतो. २०११-१२ पायाच्या मालिकेत खाणींना १४.३७, कारखानदारीला ७७.६३ आणि विजेला ७.९९ टक्के भार आहे. सिमेंटची पोती, विजेची युनिटे मोजता येतात. पण देशाच्या मूल्यवर्धनातला निम्म्याहून मोठा वाटा सेवांचा, आणि त्यांच्यासाठी आपण तिमाही अंदाजाची वाट पाहत आलो. मधल्या काळात वर्तमानपत्रे सेवांच्या पीएमआयवर, म्हणजे खरेदी व्यवस्थापकांच्या निर्देशांकावर, भागवतात. त्यात सुमारे ४०० कंपन्यांना विचारतात, गेल्या महिन्यापेक्षा काम वाढले, घटले की तेवढेच राहिले? ५०च्या वर आकडा गेला की मथळा तयार. किती जणांचे वाढले ते त्यातून कळते, किती वाढले ते कळत नाही. ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया या देशांत सेवांचा मासिक निर्देशांक वर्षानुवर्षे निघतो. आपल्याकडेही त्याची तयारी चालू आहे, आणि जीएसटीच्या विवरणपत्रांवर सगळ्यांची भिस्त आहे.

तिथे दोन अडचणी आहेत. पहिली रुपयांची. सलूनवाल्याने दर ८० वरून १०० केला आणि महिन्याला तेवढीच डोकी भादरली, तर गल्ला २५ टक्क्यांनी वाढला, उत्पादन शून्य टक्क्यांनी. भाव काढून टाकल्याशिवाय उलाढालीला उत्पादन म्हणता येत नाही. केशकर्तनाचा दर ग्राहक किंमत निर्देशांकात येतो, म्हणून तिथे भागते. पण कारखान्याचा हिशेब लिहिणारा, गोदाम भाड्याने देणारा, कुरियरवाला, म्हणजे धंद्याने धंद्याला दिलेल्या सेवा, यांचे भाव कुठून आणायचे? घाऊक किंमत निर्देशांकात तर फक्त वस्तू आहेत. माझ्या मते निर्देशांकाआधी हे भाव गोळा करायला हवेत. दुसरी अडचण उंबऱ्याची. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली तर आपल्या राज्यात त्याला सहसा नोंदणी लागत नाही. इस्त्रीवाला आणि चहावाला तिथेच गळाले.

आता जरा उल्हासनगरला चला. युद्धकाळात लष्कराची छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत. कॅम्प १ ते ५ ही नावे तेव्हापासून टिकली. कॅम्प ५ मधल्या जीन्सच्या गल्लीत मी काजबटणाच्या एका गाळ्यात तासभर बसलो होतो. दोन मशिने, जमिनीवर अर्धवट शिवलेल्या पँटींचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला कापडाच्याच पट्टीची गाठ आणि तिच्यात खोचलेली नगांची चिठ्ठी. कापड व्यापाऱ्याचे. कापणी एकाने केली, शिलाई दुसऱ्याने, धागे कापायला माल पुढे घरोघरच्या बायकांकडे जाणार. गाळ्याचा मालक वहीत तारीख, नग आणि दर एवढेच लिहितो. हा माणूस सेवा देतो की वस्तू बनवतो? जीएसटीच्या कायद्यात दुसऱ्याच्या मालावर केलेले जॉबवर्क ही सेवा. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात तेच काम कारखानदारी. दोन्ही दप्तरे जुळवताना चूक झाली तर एकच काज दोनदा मोजले जाईल, नाहीतर एकदाही नाही. आणि गंमत बघा, त्याच्या वहीत रुपये बाजूला ठेवले तरी नग उरतात. संख्याशास्त्रज्ञ ज्या शुद्ध उत्पादनासाठी धडपडतो, ते तिथे पेन्सिलीने लिहिलेले आहे!

पंचांगाचा मुद्दा मला आवर्जून मांडायचा आहे. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. नुसते ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहाल तर बाजारात मंदी आली असे वाटेल. खरे तर दिवाळीच पुढे गेली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. अधिक महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे मंगल कार्यालय, केटरर, बँडवाले, मेंदीवाल्या सगळे बसून. हंगामी दुरुस्तीचे परदेशी सूत्र जसेच्या तसे लावून हे सुटणार नाही. पंचांग गणितात घालावे लागेल.

ठिकाणाबद्दल एकच सांगतो. बदलापूरचा माणूस दिवसभर वांद्र्याच्या कार्यालयात काम करतो, त्याचे उत्पादन मुंबईच्या खात्यात. त्याच्या पोळ्या लाटणारी बाई बदलापुरात, आणि तिचे उत्पादन कुठल्याच खात्यात नाही.

अगदीच अंधार आहे असे नाही. असंघटित आस्थापनांच्या २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शेतीबाहेरच्या ७.३४ कोटी आस्थापना आणि १२ कोटींवर कामकरी निघाले. पण महिन्याच्या चढउताराला वर्षाची पाहणी पुरत नाही. माहिती स्वतः जमवण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. त्याच गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून ती १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. देशाच्या समितीवर बसणारा माणूस एका शहराच्या कुटुंबांची माहितीही जमवत होता. आपण मात्र दिल्लीचे तक्ते उतरवून शोधनिबंध लिहितो. मीही लिहिले आहेत.

म्हणून एक विनंती करतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या महाविद्यालयांनी एकेक गल्ली धरावी. तिथली तीस छोटी आस्थापने निवडावीत: सलून, झेरॉक्स, क्लास, पोळीभाजी, काजबटण. बारा महिने, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोनच गोष्टी लिहाव्यात, किती नग किंवा किती गिऱ्हाईक, आणि दर काय. दुकान बंद असेल तर बंद म्हणून लिहावे, आपल्या मनाने आकडा भरू नये. मालकाचे नाव वहीत नको. ज्यांना यात यायचे आहे त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर कोरी वही ठेवली आहे. दुपारच्या सत्राआधी महाविद्यालयाचे आणि गल्लीचे नाव लिहून जा.