धुके आणि दालने



अद्भुत कादंबरी म्हटली की आपण ती नातवाकडे सरकवतो. मीही तेच करत आले. यंदा दोन इंग्रजी कादंबऱ्यांनी ही खोड मोडली.

पहिली काझुओ इशिगुरो यांची ‘द बरीड जायंट’ (२०१५). राजा आर्थरच्या पश्चातल्या ब्रिटनमध्ये अ‍ॅक्सल आणि बिअ‍ॅट्रिस हे म्हातारे जोडपे मुलाला भेटायला पायी निघते. ड्रॅगनच्या श्वासाचे धुके पसरले आहे; त्यात माणसे कालचेही विसरतात. ड्रॅगन मेला तर आठवणी परततील, पण ब्रिटन आणि सॅक्सन यांच्यातल्या कत्तलीही आठवतील, आणि या दोघांच्या संसारातला जुना सलही. अ‍ॅक्सल बायकोला उठता-बसता ‘प्रिन्सेस’ म्हणतो, त्याचा मला कंटाळा आला. तरी पुस्तक सोडवेना. माझ्या यजमानांना हल्ली राजवाड्याहून घरी यायचा रस्ता आठवत नाही. आमचे एक मोठे भांडणही आठवत नाही. ते धुके सगळेच्या सगळे हटावे, असे मला वाटते का? खरे सांगते, उत्तर देता आले नाही.

सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०) मला अधिक आवडली. न संपणारी दालने, पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्र. नायक स्वतःला विसरला आहे, पण नेमाने रोजनिशी लिहितो. तिच्या जुन्या पानांतच त्याला तो कोण होता ते सापडते. शेवटचा उलगडा मात्र थोडा पोलिसी वाटला.

यजमानांसाठी मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या दिवशी त्यांनी तारीख घातली, चुकीची. मी ती तशीच राहू दिली.