नळाचा दाब आणि घराची टाकी
(ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२० मध्ये गोवा हे ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळजोडणी पोहोचलेले देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. ही गोष्ट अभिमानास्पद आहेच; परंतु नळ घरात येणे आणि त्याचे पाणी छपरावरील टाकीत चढणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपला प्रदेश चढउतारांचा. खांडेपार नदीवरील ओपा असो वा सांगे तालुक्यातील साळावली, तेथून निघालेल्या एकाच वाहिनीवर सखल वाड्यावरील नळ जोराने वाहतो आणि उंचावरील घराची टाकी मात्र रात्र सरली तरी भरत नाही.

पाणी वर चढते ते दाबाने. दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅम दाब असेल, तर पाणी सुमारे १० मीटर उंची गाठू शकते. त्यातलाही काही दाब नळातील घर्षणात खर्ची पडतो. केंद्र शासनाच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेने एकमजली घरासाठी ७ मीटर व दुमजलीसाठी १२ मीटर इतका किमान दाब सांगितला होता. कौलारू घरावर मजला चढवला की जुना दाब अपुरा का पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

तक्रारीपूर्वी मोजमाप करावे. १५ लिटरची बादली ३ मिनिटांत भरली, तर मिनिटाला ५ लिटर पाणी येते. ५०० लिटरची टाकी त्या वेगाने १ तास ४० मिनिटांत भरेल. हेच मोजमाप मीटरनंतरच्या पहिल्या नळावर आणि टाकीच्या तोंडाशी करावे. खाली पाणी भरपूर व वर अल्प असेल, तर कारण उंचीत अथवा घरच्या नळांत शोधावे: अर्धवट उघडी चावी, गाळाने अडलेला टाकीचा बॉलकॉक, किंवा गंजलेला जुना लोखंडी नळ. नळाचा आतील व्यास निम्मा झाला की पाणी निम्मे नव्हे, सुमारे सहावा हिस्साच येते. पहिल्या नळालाच पाणी कमी असेल, तर शेजाऱ्यांकडे पाहावे. त्यांचे ठीक असल्यास दोष आपल्या जोडणीत वा मीटरच्या जाळीत असण्याचा संभव आहे. मीटर स्वतः न उघडता खात्यास कळवावे. सर्वांचीच रड असेल, तर दोष मुख्य वाहिनीकडचा. अशा वेळी वार, वेळ आणि बादली भरण्यास लागलेली मिनिटे लिहून एकत्रित अर्ज द्यावा. असा अर्ज हाती आला, तर अभियंत्यालाही गळती वा अडथळा शोधणे सुकर होते. शिक्षकांनी ही मोजणी मुलांकडून करून घेतल्यास गणिताचा धडाही होईल.

एक उपाय मात्र कोणीही करू नये: मुख्य वाहिनीला थेट पंप जोडणे. त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते. शिवाय वाहिनीत उलटा दाब निर्माण होऊन फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते, आणि कावीळ वा हगवण पंप लावणाऱ्याच्याही घरी येते. पंप हवाच असेल, तर जमिनीलगत झाकणाची टाकी बांधावी. ती रात्री, मागणी कमी असताना, आपोआप भरू द्यावी आणि तीतूनच पाणी वर चढवावे.

उंचावरच्या घराचे पाणी सखलातल्या घराच्या संयमावर अवलंबून असते, एवढे लक्षात ठेवावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.