एकांतातले मैत्र



हुबळीच्या लॅमिंग्टन रोडचे नाव मुंबई इलाख्याच्या काळाची आठवण देते. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या वर्षांत मुंबईचे गव्हर्नर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मात्र मराठी आणि कानडी यांचा इथला शेजार त्यानंतरही टिकून राहिला. या रस्त्यापासून वीसेक किलोमीटरवर, धारवाडात, जी. ए. कुलकर्णी इंग्रजीचे अध्यापन करीत आणि मराठीत कथा लिहीत.

सारस्वतांच्या मैत्रीला धारवाड अपरिचित नव्हते. १९२० नंतरच्या दशकात द. रा. बेंद्रे यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपू’, म्हणजे मित्रांचा मेळा, जमला. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, पण त्यांची प्रतिभा बहरली कन्नडमध्ये. वि. कृ. गोकाक, कथाकार बेटगेरी कृष्णशर्मा अशी मंडळी त्या मेळ्यात होती. पुढे १९३३ साली जी. बी. जोशी यांनी ‘मनोहर ग्रंथमाला’ सुरू केली आणि तिच्या माळ्यावर लेखकांच्या बैठकी रंगू लागल्या.

अशा गावात राहूनही जी. ए. सभासंमेलनांपासून दूर राहिले. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, प्रकाशनकाळावरून वाद उठताच त्यांनी तो परत केला. त्याच वर्षीच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे एक मानकरी बेंद्रे होते. एकाच गावाला एकाच वर्षाने दिलेले हे दोन सन्मान, पण ते स्वीकारणाऱ्यांच्या वृत्ती किती भिन्न!

म्हणून जी. एं.ना मित्रांचे सुख लाभलेच नाही, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची मैफल टपालाने भरत असे. म. द. हातकणंगलेकर, श्री. पु. भागवत, सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. कथाकार जयवंत दळवी यांचा स्नेह तर अनुवादांच्या रूपाने मराठी वाचकांच्याही पदरात पडला. दळवी त्या वेळी अमेरिकन माहिती खात्यात होते. त्यांच्या प्रयत्नांतून कॉनरॅड रिक्टर या कादंबरीकाराच्या कृती जी. एं.नी मराठीत आणल्या. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही त्यांतली नावे. एक लेखक ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची थट्टा करणारा, तर दुसरा नियतीच्या अंधाराचा शोध घेणारा. स्वभाव इतके वेगळे असूनही स्नेह जमला, कारण दोघांचेही पुस्तकांवर आणि माणसांवर सारखेच प्रेम होते.

जी. एं.च्या पत्रांत वाचलेल्या पुस्तकांविषयीचा उत्साह आहे, रोखठोक मते आहेत, स्वतःकडेही तिरकसपणे पाहणारा मिस्कील विनोद आहे. केवळ कथांवरून त्यांना ओळखणारा वाचक ही पत्रे वाचताना चकित होतो. ज्या हाताने दुःखाच्या इतक्या छटा रेखाटल्या, त्याच हाताने मित्राला हसवण्यासाठी पानेच्या पाने लिहिली! एकांत त्यांना लेखनासाठी हवा होता; मित्र त्यांना तो एकांत सोसण्यासाठी हवे होते.

११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात जी. ए. निवर्तले. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड पुढे प्रसिद्ध झाले, आणि २००३ मध्ये सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’मधील पत्रेही आली. संवादाच्या दोन्ही बाजू आता वाचकासमोर आहेत. ग्रंथालयाने हे खंड कथासंग्रहांच्या शेजारी ठेवावेत. सभेत जो माणूस कधी भेटला नसता, तो तेथे कोणाही सभासदाला निवांत भेटेल, आणि मित्रांसह भेटेल. शतायुषी ग्रंथालयाला याहून मोठे पुण्य कोणते?